बाजूची सीट

जॉब-वर्कच्या चलनाच्या पाठीवर यादी केली.
उद्यमनगरात कोरा कागद मिळत नाही,
मिळालाच तर ग्रीसचा अंगठा त्यावर आधी उमटतो.

गाड्या पाच. गेल्या साली पण पाचच.
माणसं चौदा, त्यात पोरं तीन,
आणि भूपालची सासू,
जी म्हणाली, घरात पंखा बघत पडण्यापेक्षा येते.

टो-रोप: बशीर. शॅकल दोन: बशीर.
बशीर मुजावरला काहीही सांगा, 'हाय की' म्हणतो,
म्हणून त्याच्या नावापुढं पेन्सिलनं: स्वतः बघणे.
तंबू चार. एकाची काठी पाटगावला कुणीतरी चुलीत घातली,
कुणी ते सगळ्यांना ठाऊक आहे, तो वर्गणीही उशिरा देतो.
भडंग पाच किलो.
डॉक्टर: पद्मजा. दातांची आहे, चालेल.

रस्ता पाच मिनिटांत ठरला.
मटण इथनं न्यायचं का कळ्यात घ्यायचं
यावर गुरुवारची रात्र गेली.

सड्याच्या मालकाला फोन केला.
बाबाजी बोडके म्हणाला, या की,
पर बाटल्या मोजून आणा आन् मोजून न्या.
गेल्या खेपंला माझ्या म्हशीच्या पोटात निघाली एक.
मी लिहिलं: बाटल्या चोवीस.
खाली दोनदा रेघ मारली.

मग कोण कुठल्या गाडीत.
तेरा नावं बसवली.
चौदाव्यापाशी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

पहाटे साडेपाच, फुलेवाडी नाका.
हिरवी जीप शेवटी आली.
शीतल मगदूम, इचलकरंजीचा, वय चोवीस,
दिवाळीत त्यानं रोख मोजून नेली होती,
आणि मी त्याच दुपारी सीएनसीचा हप्ता भरला होता.
'काका, बसता न्हवं बाजूला?'

तिचं दार उचलून लावावं लागतं.
बारा वर्षांची सवय हाताला,
उचललं,
तर दार नुसतंच खडखडलं.
'बिजागरी नवी घातली काका.'
'बरं केलंस,' मी म्हणालो,
आणि असळजपर्यंत काहीच म्हणालो नाही.

ओढा चांगला उतरवला पोरानं.
पुढं मुरमाचा चढ, सुटा, लाल,
चाकं जागेवरच फिरू लागली,
धूळ काचेवर, इंजिन किंचाळतंय,
आणि माझा डावा पाय
रिकाम्या पत्र्यावर
नसलेला क्लच दाबून धरलेला.
मागनं बशीर ओरडला, दोर टाकू काय?
शॅकल त्यानं एकच आणला होता.
मी बघितलं नव्हतं.

शीतलनं गाडी बंद केली.
माझ्याकडं नाही बघितलं, स्टेअरिंगकडं बघत म्हणाला, 'सांगा.'

हवा अठरावर आण.
मागं घे, अजून, त्या दगडाला लागेपर्यंत.
लो, दुसरा. आणि आता पाय घाबरवू नको,
ती स्वतः चढते, तू फक्त मधे येऊ नको.

चढली.
वर सड्यावर वारा एवढा
की भूपालच्या सासूनं पदर दातांत धरला
आणि विचारलं, हेच्यासाठी एवढी यादी?

रात्री मटण तिखट झालं, ठरल्याप्रमाणं.
पोरं तंबूत, तीन काठ्यांच्या तंबूत तो वर्गणीवाला,
थंडी दगडातनं वर येत होती.
बॅटरीच्या उजेडात चलन उलटलं.
छापलेलं होतं:
माल तपासून घ्यावा, मागाहून तक्रार चालणार नाही.
पोत्यात बाटल्या मोजल्या.
तेवीस.
परत मोजल्या.

उठलो. चुलीपाशी नाही, पाण्याच्या कॅनपाशी नाही.
गाड्यांच्या रांगेत एकेकीखाली वाकत गेलो.
हिरवीपाशी येऊन बॉनेटवर हात ठेवला,
कधीच गार झालं होतं.

पुढच्या चाकामागं सापडली, आडवी,
अर्धी भरलेली.
पाणी पिऊन टाकलं
आणि बूच लावून पोत्यात टाकली.