एकत्र करायचे?

पंचवीस वर्षं उदगीरच्या लॅबमध्ये
मी बाटल्यांना लेबलं चिकटवली.
नाव, वय, तारीख, वेळ.
लेबल नसलेला नमुना फेकून द्यायचा,
मग तो कुणाच्याही अंगातून आलेला असो.

निवृत्तीनंतर लॅपटॉपवर वंशावळ मांडायला घेतली
तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम.
प्रत्येक नावाखाली एक चौकट: स्रोत.
मी भरत गेले.
आत्या, फोनवर.
महानंदाआत्या, देवणी, फोनवर.
आत्या, नळेगावच्या लग्नात, जेवताना.
एकच बाई, एकोणीस स्रोत.
लॅबमध्ये असं कुणी केलं असतं
तर मीच त्याला झापलं असतं.

मग एका रविवारी आवरायला बसले.
जन्मस्थळ उदगीर, पण जिल्हा कोणता?
आजोबांसाठी बीदर, माझ्यासाठी उस्मानाबाद,
माझ्या मुलासाठी लातूर.
घर तेच, चौबाऱ्यामागचं,
जिल्हेच येऊन गेले पाहुण्यांसारखे.

शाळेचं रजिस्टर फसीहुद्दीन सरांनी वाचून दिलं,
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
मोठे काका: सन १३४१ फसली, वलद गुरुलिंगप्पा.
"आणि आई?"
"आईचा रकानाच नाही बेटा,"
ते म्हणाले, जणू चूक त्यांचीच.

आईसाठी माझ्याकडे भांडी होती.
घागर. परात.
दोन्हींवर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी
सौ. शिवगंगाबाई भ्र. गुरुलिंगप्पा उटगे.
दोन फोटो, दोन नोंदी.
सॉफ्टवेअरनं पिवळी पट्टी दाखवली:
हे स्रोत सारखे दिसतात.
एकत्र करायचे?

बोट 'हो'वर होतं.
पण सवय जात नाही,
एकाच नावाचे दोन पेशंट मी कमी पाहिलेत का!
फोटो मोठा केला.
घागरीवरचा शि गोल, परातीवरचा चोचीसारखा.
घागर १३३९. परात १३४७.

आत्याला विसावा फोन.
"व्हय, दोघी होत्या की.
पहिली गेली बाळंतपणात.
दुसरी आणली, तिलाबी तेच नाव ठिवलं.
घरातल्या समद्या भांड्यावर नाव होतंच,
पुन्हा कोरायचा खर्च कशाला?"
वाण्याचं घर आमचं.
"मग परात?"
"ती माझ्या आईच्या माहेरची.
आहेर द्यायचा तर सासरचंच नाव कोरून द्यावं लागलं."

फोनवर मिक्सर फिरला, थांबला.
"तुला सांगू?
आईला हाक मारली ना,
की ती लगेच वळायचीच न्हाई.
दुसऱ्यांदा मारावी लागायची.
आमी म्हणायचो, ऐकू कमी येतं."

मी 'नाही' दाबलं.
एका चौकटीच्या दोन चौकटी झाल्या,
मोठे काका अलीकडे सरकले, बाबा पलीकडे,
साठ वर्षं एका ताटात जेवलेले भाऊ
एका क्लिकमध्ये सावत्र झाले.
दोघंही आता नाहीत, म्हणून बरं.
की म्हणूनच वाईट, ते कळेना.

पहिल्या शिवगंगेखाली लिहिलं:
तांब्याची घागर, बुडाला पोचा,
सध्या माझ्या मोरीत, वापरात.

दुसरीचं माहेरचं नाव?
आत्यालाही ठाऊक नाही.
ते गाव कर्नाटकात गेलं, मामा आधीच गेले,
आणि परात तर दुसऱ्याच नावानं बोलते.
तो रकाना रिकामा.
त्याखाली स्रोत मात्र भरला,
क्रमांक सत्तेचाळीस:
पहिल्या हाकेला ओ दिली नाही.
सांगणार महानंदा, मुलगी, वय त्र्याऐंशी.

विश्वासार्हता किती, सॉफ्टवेअरनं विचारलं,
शून्य ते तीन.
मी बराच वेळ बसले.
लेबल नसलेला नमुना फेकायचा,
हे मी कितीतरी पोरींना शिकवलंय.

परात घासून उन्हात ठेवली आहे.