लांबचं

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले,
आजोबा, आता जरा लांबचं बघत चला.
रखमाजी मामांनी ते औषधासारखं घेतलं :
सकाळी लांबचं, संध्याकाळी लांबचं.

आमच्या खिडकीत लांबचं काही नाही.
समोर डी विंगचे पाइप,
एक कबुतर,
कुणाचा तरी वाळत घातलेला शाळेचा गणवेश.
"एवढ्या मोठ्या गावात," मामा म्हणाले,
"नजर सोडायला एक रान नाही व्हय?"

मला लायसन्स मिळून अकरा आठवडे झाले होते.
शाळा, भाजी, पुन्हा शाळा.
तिसऱ्या गियरच्या पुढे मी गेलेच नव्हते.
रविवारी उजाडताना किल्ली घेतली.
मामांना काळा चष्मा, मांडीवर दशम्यांचा डबा,
आणि दर दोन तासांनी थेंब घालायची आठवण
माझ्या मोबाइलमध्ये.

अंधेरीतल्या अंधेरीत दोनदा चुकले.
भंगाराचं दुकान, बेकरी, कालच्या लग्नाचा मांडव,
आरसे मिटून गाडी आत घातली,
गल्ली वळली
आणि समोर काळा कातळ.
सरळ उभा, इमारतींच्या मधोमध,
कुणी हलवायला विसरल्यासारखा.
गिल्बर्ट हिल.
बारा वर्षं मी हे नाव
फक्त पत्त्यांत लिहिलेलं वाचत होते.

वर देवी आहे, पायऱ्या आहेत,
वरून पार लांबचं दिसेल, मी म्हटलं.
मामांचं लक्ष नव्हतं.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी
कातळाच्या उभ्या धारांवर तळवा ठेवला,
व्यायला आलेल्या म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.
"ह्यो आमच्याकडचा," म्हणाले.
निघोजला, कुकडीच्या पात्रात, हाच दगड,
पाण्यानं त्याचे रांजण केलेत.
"तिथं नदीनं आतलं काढून नेलं.
हितं कुणी भवतालचं नेलं, अन् आतलं ठेवलं."
मागून रिक्षावाला हॉर्न मारून मारून दमला.
शेवटी तोही मान वर करून बघायला लागला.

हायवेवर चौथा गियर पडला.
मामांना कळलं नाही, मी सांगितलंही नाही.
ते रांजणांतच होते अजून :
"पाणी एकटं काय कोरतंय?
एक गोटा भोवऱ्यात अडकतो.
फुडं जाता येईना, मागं येता येईना,
मग जागच्या जागी फिरतो बिचारा.
आज्याच्या आज्यापासून फिरतोय.
माणूस उभा राहील एवढं खोल जातो."

शिवडीला ओहोटी लागली होती.
टँकरांच्या रांगेतून, गोदामांच्या भिंतीकडेनं,
चिखलाचा तो वास, आणि मग एकदम
काहीच नाही समोर.
म्हणजे सगळंच :
चिखल, पाणी, समुद्रावरचा नवा पूल
आणि हजारो रोहित पक्षी,
माना खाली घालून
कुणाचं काही हरवल्यासारखे शोधताहेत.

एक पोरगा दुर्बीण घेऊन आला. वीस रुपये.
"नको," मामा म्हणाले,
"मला लांबचं बघायला सांगितलंय,
जवळ आणून नाही."

बराच वेळ ते बोलले नाहीत.
उघडा डोळा, दुसऱ्यावर हात,
मग उलट.
कुठल्या डोळ्याला ते किती गुलाबी दिसतात
याचा हिशेब चालला असावा.
"ह्यांचं गाव कुठलं?"
"कच्छ, बहुतेक."
"एवढ्या लांबून? मग डोळं दाखवायला आले असतील."
आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले
की डोळ्याला पाणी आलं,
आणि मी घाबरून थेंबांची बाटली शोधू लागले.
ती घरी राहिली होती.

परतलो तेव्हा सोसायटीत आमच्या जागेवर
कुणाची तरी पांढरी गाडी.
एक फेरी मारली. दुसरी मारली.
वॉचमन कपिलदेव झोपलेला.
तिसऱ्या फेरीला डी विंगचे पाइप पुन्हा आले,
तेच कबुतर.
चौथ्या फेरीला मामांनी डबा घट्ट धरला,
खिडकीतून खाली डांबराकडे बघितलं
आणि म्हणाले,
"हळू गं. खळगा पडंल."