वाकून बघ

आउडेनार्डच्या चौकामागे गोडेलीव्हचं दुकान. पाटी नाही.
खिळ्याला सायकलचं एक चाक टांगलंय, त्यावरून ओळखायचं.
आत गेलं की ती नाव विचारत नाही.
विचारते, "दुखतं कुठं?"

मी म्हटलं, "गुडघा."
तिनं मशीनचा दिवा मालवला, आणि पुन्हा विचारलं.
मग मी सांगितलं,
नवऱ्याला जे नुसतं "बसवत नाही" म्हणून सांगून
आठ महिने ढकलत आणलं होतं, ते सगळं.

जिन्याच्या पायरीवर तिनं पुठ्ठा ठेवला, बिअरच्या खोक्याचा.
"बस. पुढं झुक. आता उठ."
पुठ्ठ्यावर दोन खळगे.
एका मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी: साडेतेरा.
इतकी वर्षं कंबर मोजली, छाती मोजली, वजन तर रोज सकाळी,
आणि ज्या दोन हाडांवर बसत आले
ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उजेडात आली.

"ही जाड गादी नको. दुकानात सोफा,
चाळीस किलोमीटरनंतर दुधात पडलेला पाव.
ही गुलाबी? पुरुषाची चड्डी धुण्यात आटली
आणि लाजली, एवढंच.
शिवण नखानं चाचपून बघ.
नख अडकलं तर कातडीही अडकेल."
दुसऱ्या बाळंतपणात मला सहा टाके पडलेत.
मी नख फिरवत राहिले, त्यांना विचारत.
तीन जोड बाजूला सारले, चौथ्यावर नख घसरत गेलं.

"आणि आतून काही घालायचं नाही."
"काही म्हणजे?"
"काही म्हणजे काही."

पडद्यामागे मी ती चढवली, खांद्यांवर पट्टे ओढले.
आरशात एक बाई, जरा पोक काढलेली,
पट्टे रुततायत, पोटाचे दोन मजले.
"आखूड आहे," मी ओरडले.
"आरशाकडे पाठ कर," ती बाहेरून म्हणाली.
"भिंतीवर हँडल ठोकलंय, ते धर.
उभ्या बाईसाठी नाही बेतलेलं हे.
वाकून बघ."

वाकले. पट्टे सैलावले,
छातीच्या दोन्ही अंगांनी मुकाट निघून गेले.
मांडीचा काठ आपल्या जागी, करकोचा नाही.
वाकायला सांगणाऱ्यांची आयुष्यात वानवा नव्हती.
वाकल्यावर नीट बसेल असं काही शिवणारी
ही पहिली भेटली.

पैसे मोजताना मी विचारलं, तुम्ही शर्यतीत होता ना?
सत्त्याहत्तर साली, म्हणाली. सतरा वर्षांची.
धाकट्या काकाची लोकरी चड्डी, आत खरं कातडं,
धुतलं की वाळून पापडासारखं कडक.
आई त्याला डुकराची चरबी चोळायची.
नव्वद किलोमीटर. सातवी आले.
रक्त पायमोज्यापर्यंत.
गावात डॉक्टर एकच, तोही थोरल्या बहिणीचा नवरा.
कुणाला सांगणार?
तिनं सुट्टे पैसे परत केले, एक नाणं जास्तच.
"सहावीची कुठली चड्डी होती,
ते विचारायला हवं होतं मी."

हिवाळ्यासाठी लांब टाइट्सही घेतल्या.
आतून मऊ लव, पाऊस पडला तर पाणी घसरून जातं,
गुडघ्यात आधीच वाकवून शिवलेल्या.
खुंटीला टांगल्या तर वाटतं,
कुणीतरी बसायला निघालंय.

फेब्रुवारीत स्केल्डेच्या काठानं निघाले, वारा समोरून.
एकविसाव्या किलोमीटरला लक्षात आलं
की मघापासून मी बीटाच्या भावाचा विचार करतेय,
आणि कशाचाच नाही.

मग लागली.
पूर्वी कुंपणाआड जाऊन जाकीट, जर्सी,
सगळं काढून थंडीत नागवं व्हावं लागे,
त्या भीतीनं मी पाणीच प्यायचे नाही.
आता पाठीमागं हात नेला,
कमरेपाशी एक कडी, टिच.
खांद्यांवरचं खांद्यांवर राहिलं.

पलीकडून एक पांढरी गाय बघत होती.
बघू दे.
उठले, कडी लावली, दोन घोट पाणी प्यायले,
मग आणखी दोन.
कोपेनबर्ग अजून नऊ किलोमीटर.