व्हाउचर क्रमांक चार

मानधन पाच हजार, टीडीएस वजा,
मिरज ते मुंबई आणि परत, स्लीपर, दोघांचं.
हे मी लिहिते. विभागात दुसरं कुणी लिहीत नाही.
महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी पाहुणा कलाकार येतो,
मी सतरंज्या मोजून घालते,
शेवटची दर वेळी कोरीच गुंडाळते.

या खेपेला जमखंडीकरबाई. जलतरंग.
वय एकोणऐंशी, सोबत भाचा,
दोन पत्र्याच्या पेट्या, आत जुन्या लुगड्यांत
बाळंतासारख्या गुंडाळलेल्या बावीस वाट्या.
कालिन्याच्या गेटवर रिक्षा गतिरोधकावरून उडाली.
बाईंनी पेटी उघडून चाचपलं,
घडीतून तीन तुकडे काढले,
म्हणाल्या, ‘मधला पंचम.’
हजेरीत एखादं नाव घ्यावं आणि पुढे जावं तसं.

पत्रिका छापून झालेली : पूरिया धनाश्री.
देवस्थळी सर घामाघूम.
कँटीनमधून मिसळीचा बाऊल आणवला,
बाईंनी त्यावर काडी टेकवली, तो ‘थड्’ म्हणाला.
‘हा उसळीतच बरा.’
शेजारच्या वाटीत पाणी वाढवलं तर? – रुबेन पेणकर,
एम.ए. भाग दोन, तंबोऱ्याला बसणारा.
‘वाढव की. पण मग धैवतानं कुठं जायचं, बाळा?’

मग माझ्याकडे पाणी मागितलं.
कूलरचं नको, गार असतं, निवांत बसत नाही.
मी पिंपातलं दिलं,
सकाळी सातला आलेलं महापालिकेचं.

पंखे बंद. माणसं चौदा,
त्यात मी, भाचा आणि वॉचमन शिर्के.
बाईंनी चहाच्या चमच्यानं
कोमल धैवतातून पाणी काढलं,
एक चमचा, मग अर्धा,
मग बोटाला लागेल एवढंच –
आणि धैवत शुद्ध झाला.
पंधरा वर्षं इथे आहे,
राग बदलताना डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला.
रुबेननं पंचमाची तार निषादावर चढवली,
तुटली तर लागू नये म्हणून मान बाजूला धरून.
सहा वाजले होते. मारवा.
त्याला पंचम लागतच नाही.

मला हे कुणी सांगावं लागलं नाही.
याच खोलीत मी प्रवेशपरीक्षा दिली होती,
पंचमावर आवाज केसभर खाली राहायचा.
परीक्षक म्हणाले, कान चांगला आहे.
कान चांगला असलेल्यांना
लिपिकाची परीक्षा देता येते.

दर चार मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरायचं,
बावीसातल्या एकवीस वाट्यांवर बारीक सुरकुती.
बाई काडी उचलून धरायच्या, ती जाईपर्यंत,
मग थांबल्या तिथून नाही, जरा मागून सुरू करायच्या,
बोलता बोलता तोडलेलं माणूस करतं तसं.
षड्जावर यायला तर किती आढेवेढे,
घर दिसत असून
गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी बोलत उभं राहावं.

अर्धवर्तुळात ती एक जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती,
वाट्या सरकवून घेतल्या नाहीत.
काडी तिच्यावरून जायची, येता-जाता,
आणि प्रत्येक वेळी मी
ओठ मिटूनच, आत, तो स्वर लावून पाहत होते.
बरोबर लागत होता की नाही, काय माहीत.
तिथे पडताळायला काही नव्हतं.

नंतर भाच्यानं पाणी बादलीत ओतलं, सगळे स्वर एकत्र.
बाईंनी रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केली, लपेटदार, मोडीच्या वळणाची.
‘तुकडे?’ मी विचारलं.
‘टाका. सुक्या कचऱ्यात बरं का.’

टाकले नाहीत. खाकी पाकिटात घातले,
पाकीट व्हाउचरला टाचलं.
ऑडिटवाले विचारतील म्हणून
तपशिलाच्या रकान्यात लिहिलं : मधला पंचम, नग एक.
रक्कम : निरंक.