दार डावीकडे

याकूब शिकलगारनं कागद उलगडला,
चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि म्हणाला,
"ताई, उतरणार कुठं? ट्रकखाली?"

नकाशा परदेशी होता.
मी दोन महिने खपून
ट्रेसिंग पेपरवर उतरवलेला, एकास वीस मापात.
तीस वर्षं आकुर्डीला गिअरबॉक्स काढले,
सुताची चूक नाही,
पण तिकडचा रस्ता उजवीकडून चालतो
हे माझ्या रेघांच्या लक्षात आलं नाही.
दार उजवीकडे. पायरी उजवीकडे.
म्हणजे आपल्या सातारा रोडवर
सरळ वाहतुकीत पाऊल.

भोसरीची शेड. मधोमध सांगाडा,
दोन चाकं आणि पुढं एक चोच.
त्याच्याभोवती आम्ही तीन दिवस फिरतो आहोत,
बारशाला नाव न ठरलेल्या नातेवाइकांसारखे.

उपेंद्रला बाहेरून बाटलीहिरवा हवा.
"साहेब, मे महिन्यात सोलापूरकडं न्या
आणि आत पापड भाजा," याकूब म्हणाला.
छत पांढरं ठरलं, भिंतीही.
हिरव्याची एक पट्टी उरली कमरेशी,
नवऱ्याची समजूत चार इंच रुंद.

रामसुख जांगिड टिंबर मार्केटातून प्लाय घेऊन आला.
सागवान नाही, म्हणाला, सागवान घराला.
चाकावरच्या लाकडाला वजनाची लाज पाहिजे.
आणि हरेक खणाला खिटी,
नाहीतर खंबाटकीच्या पहिल्याच वळणाला
तूरडाळ जमिनीवर.
हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला
की ती डाळ त्यानंच वेचली असावी.

पाण्याची टाकी चाकांच्या वर.
मागं ठेवली तर गाडी शेपूट हलवते.
सिलिंडर बाहेर, चोचीवरच्या पेटीत,
पेटीच्या तळाला भोकं,
कारण गॅस खाली बसतो, त्याला वाट हवी.
चिनी मातीची बरणी नाही.
बरणीसाठी मी भांडले. हरले.
लोणचं प्लास्टिकच्या डब्यात जाणार;
आईला कळवू नये.

राहिलं दार.
मी म्हटलं, पुन्हा काढते सगळं,
पंधरा दिवस द्या.
याकूबनं कागद उचलला
आणि पाठमोरा ट्यूबलाइटवर धरला.

रेघा आरपार आल्या.
दार डावीकडे. खाट पलीकडे.
आकडे आरशातले,
एकोणीसशे पन्नास वाचायला मान वाकडी.
"झालं की," तो म्हणाला,
आणि हात वरच धरून जांगिडला चहा सांगितला.

मी ओटा बघत होते.
शेगडीच्या डाव्या कोपऱ्यातली भिंत
आता उजवीकडे गेली होती.
चमच्यांचा खण डाव्या हाताशी.
चिरायची जागा डाव्या हाताशी.

मी डावरी.
लिहायचा हात शाळेनं बदलला,
बाकीचा देह राहिला तसाच.
सदाशिव पेठेतल्या ओट्यावर चौतीस वर्षं
पोळी लाटताना कोपर फ्रिजवर आपटतं,
फ्रिजला तिथं एक पोचा आहे, माझ्या मापाचा.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
स्वतःचा ओटा स्वतः काढायची वेळ आली
तेव्हासुद्धा मी तो
कुठल्यातरी अनोळखी उजव्या हातासाठी
इमानानं उतरवून ठेवला.

"उंची किती घेऊ?" जांगिडनं विचारलं.
पुस्तकात छत्तीस इंच लिहिलंय, मी म्हणणार होते.
"थांब," म्हटलं, आणि कोपर दुमडलं.
त्यानं तिथं पेन्सिलीची खूण केली,
बत्तीसच्या जरा वर.

मग खडूनं जमिनीवर सगळं आखलं:
खाट, ओटा, दाराची फट.
उपेंद्र खडूच्या दारातून वाकून आत आला
(का वाकला कोण जाणे),
म्हणाला, चहा टाक.
शेगडी कुठाय अजून, मी म्हटलं.

तरी उभी राहिले ओट्याशी.
डावा हात लांब केला,
आणखी लांब.
कशालाही लागला नाही.