सप्टेंबरअखेर

केंटकीच्या डोंगरात, बुटांच्या जुन्या दुकानात
आमचं कॉलेज. भिंतीवर अजून आहे
पावलांची मापं घ्यायची पट्टी.

नर्सिंगच्या खोलीतला रबरी पुतळा अनुदानातून आला.
टाचेवर चिकटपट्टी: मंजुरी क्रमांक, किंमत, तारीख.
त्याला श्वास आहे, नाडी आहे,
मुदत आहे सप्टेंबरअखेरपर्यंत.

त्याच पैशातून लोरीनचा निम्मा पगार,
संध्याकाळी पोरं सांभाळायची खोली,
आणि दरीतल्या मुलींना आणणाऱ्या गाडीचं पेट्रोल.
कॉफी नियमात बसत नाही.
ती डीनच आणतात, डबा रिकामा झाला की,
कुणाकडे न बघता.

डेल्फिया स्टिडम आठवडाभर
पुतळ्याच्या छातीशी स्टेथोस्कोप लावून बसली.
मग रविवारी तोच लावला बापाच्या छातीला,
तीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरलेल्या.
सोमवारी येऊन म्हणाली,
"तुमच्या पुतळ्याची फुप्फुसं फार स्वच्छ आहेत."
आणि बराच वेळ हात धूत राहिली.

आता मी अहवाल भरते आहे.
प्रशिक्षित: अकरा. नोकरीला लागल्या: आठ.
मोजता येण्याजोगे परिणाम:
रकाना अडीचशे अक्षरांचा.
तिचं वाक्य त्यात बसतं, मोजून पाहिलं.
नंतर वाहत राहिलेलं नळाचं पाणी
नाही बसत.

लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
खाली गाडी सुरू झाली, दरीकडची शेवटची फेरी.
लोरीन खिडकीशी उभी राहून
मागचे दोन लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत
बघत होती.