सम अंक माझ्याकडे

उल्कापुरुष मेला, तजम्मुल म्हणाला
आणि चहाचा कप स्टुलावर ठेवला.
अंक चाळीस, पान एकोणीस.
मी अजून अकराव्या पानावर होतो.
सांगायचं नव्हतं बे, मी म्हणालो.
घाबरू नको पेंटर, तो म्हणाला,
चव्वेचाळीसला परत यायलाय.

तजम्मुल सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतो.
दुपारी गर्दी ओसरली की
फ्लेक्सचं दुकान पोराच्या हवाली करून
मी त्याच्या अंधाऱ्या खोलीत येतो.
तिथं कूलर आहे, हे एक कारण.
दुसरं, फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर
तो कॉमिकचं पान लावतो
आणि हाडं मोजतो.

हे बघ, डाव्या हाताला कोपरच नाही.
बरगड्या एका बाजूला चौदा.
आणि ही बाई, असा कणा घेऊन
कुणी उडत नसतं,
स्ट्रेचरवर येतं.
पेटीचा उजेड कागदातून आरपार जातो,
मागच्या पानावरचा राक्षस
नायकाच्या छातीत उभा दिसतो.
हे मात्र त्यांना सुचलं नाही, तजम्मुल म्हणतो.
चित्रांना दोन, पाचापैकी.

रंगांचं मी बघतो, तो माझा धंदा.
आभाळ पानोपानी तेच जांभळं
जे मी भावी नगरसेवकांच्या मागं टाकतो,
एका क्लिकमध्ये, विजेसकट.
हाताची घडी कशी घालायची,
गॉगलमध्ये सूर्य कुठं ठेवायचा,
मला नका शिकवू.
माझे नायक वाढदिवसापुरते उगवतात.
पुढं कुणाच्या तरी भाजीच्या गाड्यावर
सावली धरून असतात.

जग दर महिन्याला बुडतं.
समुद्र उठतो, मनोरे कोसळतात,
परभणी एकदाही नाही.
राक्षसांना पूर्णेला गाडी बदलावी लागत असंल,
तजम्मुल म्हणतो.

'तेरावा खंड' मी त्याच्या गळ्यात मारला होता.
सात घराणी, घडीचा नकाशा,
तलवारींनासुद्धा आडनावं.
दहा अंक तो नुसता कुरकुरला,
जमिनीच्या भांडणाला ड्रॅगन कशाला,
तहसीलला जा म्हणावं.

मग सतरावा आला.
त्यात एक हमाल म्हातारी, राजाचं सामान वाहणारी,
दगडावर बसते,
चप्पल काढून खडा झटकते.
सहा चौकटी. एक शब्द नाही.
मागं, मुंगीएवढी, लढाई चाललेली.

ते पान त्यानं पेटीवर लावलं
आणि हाडं मोजली नाहीत.
कूलरचं पाणी संपत आलेलं, नुसता खरखरत होता.

फोटो काढून झाला की
लोक दारातच विचारतात, काय आलं?
मला दिसलेलं असतं.
मी म्हणतो, डॉक्टरला दाखवा.
तर ते कळल्यासारखे
अस्संच कायतरी करतात, पेंटर.
चप्पल झटकतात.
पिशवीची गाठ सोडून पुन्हा तीच बांधतात.

मी जरा थांबून विचारलं,
मग, पाच?
साडेचार.
शेवटच्या चौकटीत तिला सहा बोटं आहेत.

अंक आम्ही निम्म्या-निम्म्या पैशात घेतो.
विषम त्याच्याकडे, सम माझ्याकडे.
कुणाच्याच घरी गोष्ट पूर्ण नाही,
म्हणून अबोला दोन महिन्यांच्या वर
परवडत नाही.

सतरा विषम.
त्यानं तो शिसं लावलेल्या कोटाखाली सरकवला,
मी मागितला नाही.
मेलेला उल्कापुरुष स्कूटरच्या डिकीत घालून
वसमत रोडनं परत आलो.
दुकानात एक भावी सभापती बसून होते,
पासपोर्ट साइजचा फोटो घेऊन.
मागं आभाळ कसलं टाकायचं, पोरानं विचारलं.